शहराच्या शिवेवरील जमिनीचे नियोजन

शहराची हद्द गावाकडे सरकू लागली की पारावरची चर्चा एकाच प्रश्नावर अडते : जमीन ठेवावी की विकावी? खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. शिवारातील कोणती जमीन शेतीखाली राहावी व कोणती बांधकामाखाली जावी, हे कधी आणि कशावरून ठरते?

पुण्याचे उदाहरण घेऊ. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली स्थापन झाले. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेण्यात आली. ऊस, द्राक्षे व भाजीपाल्यासाठी ओळखली जाणारी मांजरी त्यांतलीच. अशा गावांसाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजना तयार होते. प्रथम सध्याच्या जमीन वापराचा नकाशा काढतात. मग प्रारूप योजना येते. तिच्यात निवासी विभाग पिवळा, शेती विभाग हिरवा दाखवतात. रस्ते व आरक्षणे वेगळी असतात.

वापराच्या नकाशावरून जागेवर पीक आहे की इमारत, एवढे समजते. पिकाखाली तीन फूट काळी माती आहे की वीतभर मातीखाली मुरूम, हे समजत नाही. सपाट आणि रस्त्याकडेची जमीन बांधकामाला सोयीची, म्हणून ती पिवळी होते. दुर्दैवाने बागायतीची उत्तम जमीनही बहुधा तीच असते. आमच्या मामांच्या गावी असेच झाले. विहिरीखालची काळी पट्टी निवासी विभागात गेली आणि कुसळाखेरीज काही न येणारा माळ हिरवा राहिला. घरात कृषी पदवीधर असूनही आम्हांला हे कळले तेव्हा हरकतीची मुदत संपली होती.

आपला नकाशा आपण करा

प्रारूप योजनेची वाट न पाहता गावातील आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून हे काम करावे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा गट नकाशा घ्यावा. प्रत्येक गटात, माती बदलते तेथे वेगळा, असा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा व मातीची खोली टेपने मोजावी. उतार, निचरा, चुनखडी, विहिरीला उन्हाळ्यात राहणारे पाणी यांची नोंद करावी. मातीचा नमुना तपासून घ्यावा. पाणी कोणत्या बांधावरून कोणत्या ओढ्यात उतरते, तेही बाणाने दाखवावे. ओढा बुजवून वर रस्ता झाला की पाणी खालच्या शेतात तुंबते आणि पीक पिवळे पडते, तेव्हा नकाशा काढून उपयोग नसतो.

जमिनीच्या क्षमतेच्या वर्गवारीत आठ वर्ग आहेत. पहिले चार लागवडीस योग्य व पुढचे चार गवत, झाडे यांसाठी. मोठे वर्गीकरण जमले नाही तरी चालेल. खोल, मध्यम व हलकी असे तीन रंग भरले तरी पुरे.

हरकत कशी घ्यावी

प्रारूप योजनेची सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रात येते. तेव्हापासून हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. 'आमची जमीन घेऊ नका' एवढेच लिहिलेल्या अर्जाला वजन नसते. गट नंबर, मातीची खोली, पाण्याची सोय, घेतली जाणारी पिके आणि त्याऐवजी सुचवलेली हलकी जमीन असे लिहावे, नकाशा जोडावा, पोहोच घ्यावी. नियोजन समितीपुढील सुनावणीला स्वतः जावे. अंतिम योजना साधारण वीस वर्षे चालते, हे ध्यानात असू द्यावे.

जमिनीवर आरक्षण पडले आणि अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत ती संपादन झाली नाही, तर मालकाला कलम १२७ प्रमाणे नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. नोटीस वकिलाच्या सल्ल्याने द्यावी.

ज्यांची जमीन शहरात जाणारच आहे त्यांनी एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकण्याची घाई करू नये. हडपसरच्या मगरपट्ट्यातील शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर एकत्र करून कंपनी काढली व जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. सर्वांना ते साधेल असे नाही, तेथे जमीन सलग होती आणि लोक एकमेकांच्या नात्यातले होते. नगररचना योजनेचा मार्गही आहे. तीत रस्ते व मोकळ्या जागांसाठी हिस्सा काढून उरलेला आखीव भूखंड मालकाला परत मिळतो.

एक गोष्ट मात्र हटकून राहून जाते, ती म्हणजे वरची माती. पाया खणताना ती मुरमाबरोबर भरावात जाते. वीस गुंठ्यांवरील १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे ३०० घनमीटर माती. तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी करून ती आपल्याच हलक्या जमिनीवर उन्हाळ्यात पसरावी. त्याआधी तेथे समपातळीत बांध घालून घ्यावेत, नाहीतर पहिल्याच वळवात ती ओढ्याला जाईल.