दगड पचत नाही

शेजारच्या फ्लॅटमध्ये ओट्याचं काम चाललं होतं. सिंकसाठी खाच पाडायला मिस्त्रींनी ग्राइंडर लावला आणि दोन मिनिटांत खिडकीतला उजेड दुधाळ झाला. तोंडाला नुसता रुमाल. पाणी का मारत नाही, असं विचारलं, तर म्हणाले, "वायर ओली झाली की शॉक बसतो. आणि चिखल झाला की मालक ओरडतात."

त्यांच्या भुवया पांढऱ्या करणारी धूळ त्या मानाने साधी. तिला नाक-घसा अडवतो. भीती पाच मायक्रॉनहून बारीक कणांची. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज बांधा. असे कण रुमालाला जुमानत नाहीत, थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांत उतरतात.

तिथे गाठ पडते मॅक्रोफेजशी, म्हणजे महाभक्षक पेशीशी. पेशी कण गिळते, एका पिशवीत कोंडते आणि त्यावर पाचक रस सोडते. बरेचसे जिवाणू यात संपतात. दगडाच्या धुळीतला सिलिकाचा स्फटिक मात्र ढिम्म! उलट पिशवीचंच आवरण फाटतं, रस पेशीत सांडतात. नुकत्याच फुटलेल्या दगडाची धूळ तर जास्तच जहाल. मग एनएलआरपी३ ही पेशीतली धोक्याची यंत्रणा जागी होते, इंटरल्यूकिन-१ बीटा हे हाक देणारं रसायन बाहेर पडतं, मदतीला आणखी पेशी धावतात. पहिली मरते, कण जसाच्या तसा सुटतो आणि तोच दुसरी गिळते.

काम सोडलं तरी हे आत चालूच राहतं. कोलॅजन हे चिवट प्रथिन साचत जातं, गाठी होतात, फुफ्फुस कडक होतं. हाच सिलिकोसिस, तो बरा करणारं औषध नाही. मोडकळीला आलेल्या या पेशींना क्षयाचे जंतूही आवरत नाहीत. आपल्याकडे तर सिलिकोसिसच पुष्कळदा क्षय म्हणून खपून जातो.

ग्रॅनाइटमध्ये स्फटिक सिलिका ३० टक्क्यांच्या आसपास. कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली.

ओटा करून घेणार असाल, तर माप आधी देऊन खाचेसकट फरशी दुकानातच पाण्याच्या मशीनवर कापून घ्या. जागेवर काही कापावंच लागलं, तर धूळ खेचणारा व्हॅक्युम आणि तोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, ही अट भाव ठरवतानाच घाला, आणि त्याचे पैसेही द्या.