साठ लिटर समुद्राचा उन्हाळा

एप्रिल उजाडला की पुणेकर दोन कामं हमखास करतात. माठ बाहेर काढतात आणि एसीच्या सर्व्हिसिंगसाठी फोन लावतात. माझ्या घरी तिसरं काम असतं, हॉलमधल्या समुद्राला वारा घालायचं! हो, समुद्रच. जेमतेम साठ लिटरचा, पण खारा आणि भलताच नाजूक. त्यात क्लाऊनफिशची जोडी आणि मशरूम, झोअँथिड हे प्रवाळांचे मऊ भाऊबंद. (रीफ बांधणारी कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. कुणी ‘मिळवून देतो’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.)

‘मासे तर पाण्यातच असतात, त्यांना कसला उन्हाळा?’ ऑफिसमधला हा ठरलेला प्रश्न. उत्तर असं की, या टँकला 25-26 अंश छान मानवतात, 28 पर्यंत निभावतं. पारा तिशीपार जाऊन तिथेच रेंगाळला की मात्र पंचाईत. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखं राहतं आणि अन्न बनवून भाडं चुकवतं. पाणी तापलं की हे नातं तुटतं, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरंफटक होतं. लक्षद्वीपच्या समुद्रात 2024 च्या उन्हाळ्यात हेच झालं. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशांना तो उलट जास्त लागतो.

मग चिलर घ्यावा? घ्या की! पण माझ्या अख्ख्या टँकपेक्षा तो महाग, आणि टँकमधली उष्णता काढून हॉलमध्येच सोडणार. मी माठाकडून धडा घेतला. काचेचं झाकण काढून जाळी बसवली आणि कम्प्युटरमधला छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावला. एक लिटर पाणी उडून जाताना एवढी उष्णता नेतं, की हिशेबाने साठ लिटर पाणी नऊ-दहा अंशांनी उतरावं. बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून हाती दोन-तीन अंशच लागतात. पण तेवढे पुरतात. मुंबईच्या दमट हवेत पाणी कमी उडतं, तिथे खोलीतला एसी किंवा चिलरच बरा.

एक पथ्य मात्र कडक. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज आरओचं साधं पाणी घालायचं, खारं नव्हे. काचेवर मार्करने खूण करा, काम सोपं होतं. दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी पाच ते मध्यरात्र लावा. टँकला दिव्यांचा ताप नाही आणि ऑफिसमधून आल्यावर तुम्हालाही शो बघायला मिळतो.

आणि लाइट गेले तर? गेल्या मे महिन्यात दुपारी अडीचला शेजारच्या काकूंचा फोन आला, “अगं, तासभर लाइट नाहीत. तुझे मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत!” मी हिंजवडीत, मीटिंगमध्ये. काकूंकडे किल्ली होती. त्यांनी बॅटरीवरचा एअर पंप सुरू केला आणि फ्रीजरमधली पाण्याची अर्ध्या लिटरची बंद बाटली टँकमध्ये तरंगत ठेवली. अशी एक बाटली साठ लिटर पाणी साधारण एका अंशाने उतरवते. तासाभराने दुसरी. सगळ्या एकदम नको, कारण अचानक गारठाही तितकाच वाईट. सुटा बर्फ तर नकोच, खारटपणा बिघडतो.

मी सातला पोचले तेव्हा थर्मामीटर 29 दाखवत होता. झोअँथिड मिटलेले होते, पण रंग शाबूत. दोन दिवसांनी उमललेही.

या उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये सहा बाटल्या तयार आहेत. दारावर काकूंसाठी चिठ्ठी आहे, ‘एका वेळी एकच!’