स्कॉटनीचा खंदक

किल्ला पाहावयाचा म्हणजे डोंगर चढावयाचा, अशी आपल्याकडील मुलांची समजूत असते. इंग्लंडांत केंट परगण्यांतील स्कॉटनी किल्ल्याकडे मात्र उतरून जावें लागतें. वर टेकडीवर नवा वाडा, उतारावर बाग आणि तळाशीं पाण्यानें वेढलेला जुना किल्ला, अशी तेथील रचना आहे.

इ. स. १३७७ मध्यें फ्रेंचांनीं दक्षिण किनाऱ्यावरील राय शहर जाळलें. त्या धास्तीच्या दिवसांत, सुमारें १३७८ ते १३८० च्या दरम्यान, रॉजर अ‍ॅशबर्नहॅम यानें हा किल्ला बांधविला. त्याचा एकच गोल बुरूज आज उभा आहे.

परंतु सांगण्याजोगी गोष्ट पुढील काळची आहे. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत १५८५ च्या कायद्यानें जेझुइट पाद्र्यानें देशांत राहणें हा राजद्रोह ठरला, व त्यास आसरा देणाऱ्यासही देहान्त शिक्षा होती. तरीही डॅरेल कुटुंबानें फादर रिचर्ड ब्लाउंट यांस कित्येक वर्षें येथें लपविलें. १५९८ च्या नाताळच्या सुमारास झडती आली. फादर भिंतींतील चोरखोलींत शिरले. पण, असें सांगतात कीं, त्यांच्या पट्ट्याचें टोंक दगडी दारांत अडकून बाहेर राहिलें. घरांतील बाईनें तें कापून टाकलें व आंत हळूच सूचना दिली. तो आवाज शिपायांनीं ऐकला आणि भिंती ठोकण्यास आरंभ केला! रात्रीं फादर बाहेर पडले, तटावरून गारठलेल्या खंदकांत उडी टाकली व पोहून निसटले. शत्रूस अडविण्यासाठीं खणलेल्या पाण्यानें पळणाऱ्यास वाट दिली. १६२३ मध्यें तेच इंग्लंडांतील जेझुइटांचे पहिले प्रोव्हिन्शियल झाले.

पुढें एडवर्ड हसी हा येथील मालक झाला. १८३७ ते १८४३ या काळांत त्यानें अँथनी सॅल्विन या शिल्पज्ञाकडून टेकडीवर नवा वाडा बांधविला. दगड उतारावरच काढला, आणि खाणीचा जो खड्डा पडला त्यांत बाग केली. मग जुन्या घराचा बराच भाग त्यानें मुद्दाम पाडला. कां, तर वरून पाहतांना भग्नावशेष चित्रासारखे दिसावे! राहतें घर कोणी शोभेसाठीं मोडतो काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. परंतु रोडोडेंड्रॉनच्या फुलांमधून तो बुरूज व त्या पडक्या भिंती संथ पाण्यांत उलट्या दिसूं लागल्या म्हणजे हसीचा हेतु उमगतो. खंदक नसता, तर तो केवळ दगडांचा ढीग झाला असता.

या चित्रोपम सौंदर्याच्या कल्पनेवर त्याचाच नातू ख्रिस्तोफर हसी यानें १९२७ मध्यें ग्रंथ लिहिला. १९७० मध्यें तो वारला, आणि स्कॉटनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलें. तेथें आतां कोणासही जातां येतें.