रक्तातील विळा

जो दोष जीवघेणा, तो पिढ्यान् पिढ्या टिकतोच कसा? डार्विनचा निवडीचा नियम मानला, तर असा दोष केव्हाच नाहीसा व्हावयास हवा होता. या कोड्याच्या उत्तरासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आदिवासी वस्त्यांत, ‘सिकलसेल’ हा रक्तविकार आढळतो.

निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असते. या विकारात प्राणवायू कमी पडला की तीच पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग असह्य वेदना आणि रक्तक्षय ओघानेच येतात. मूळ बदल मात्र एवढासा: हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहावा घटक तेवढा निराळा असतो.

प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. दोन्ही सदोष असल्या तर आजार होतो. एकच सदोष असली तर मनुष्य केवळ ‘वाहक’ असतो व सहसा धडधाकट राहतो. इतकेच नव्हे, तर हिवतापाचा जंतू वाहकाच्या पेशीत शिरला, तर ती पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला जंतूसकट निकालात काढते. म्हणून जिवावर बेतणारा हिवताप वाहक मुलांना क्वचितच होतो. दोन्ही प्रती निर्दोष असलेली कित्येक मुले तापाने गेली, दोन्ही सदोष असलेली आजाराने गेली. मधली अधिक वाचली, आणि त्यांच्याबरोबर ते जनुकही वाचले.

हॉल्डेन यांनी १९४९ साली थॅलसेमियाविषयी असा तर्क मांडला होता. १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून सिकलसेलविषयी पुरावा पुढे ठेवला. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

तेव्हा एखादे जनुक सर्वकाळ चांगले वा वाईट नसते. हिवताप आहे तेथे ते ढाल होते, नाही तेथे नुसते ओझे.

केंद्र शासनाने २०२३ साली, २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. निर्मूलन करावयाचे ते आजाराचे, वाहकांचे नव्हे. वधू आणि वर दोघेही वाहक असले, तरच प्रत्येक अपत्यास आजाराचा धोका चारांत एक असतो. लग्नाआधी दोघांचे रक्त तपासून घ्यावे, हे शहाणपण होय. पण एकटी मुलगी वाहक निघाली म्हणून तिचे ठरलेले लग्न मोडणे, याला आपण विज्ञानाचा आधार देऊ शकत नाही.