घरी भरलेलं काडतूस

बीड जिल्ह्यात बंदूक म्हटली की अलीकडे परवान्यांचीच चर्चा होते. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, त्यानंतर शस्त्रपरवान्यांची छाननी झाली आणि अनेक परवाने रद्दही झाले. कमरेच्या पिस्तुलांच्या या गदारोळात एक जुनी बंदूक मात्र नजरेआड राहते: रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली, आजोबांकडून वारसाने आलेली दुनळी बारा बोअर. तिची काडतुसं महाग, तीही परवान्यावर मोजून मिळणारी. मग कुणीतरी म्हणतं, "त्यात आहे काय? टोपी, दारू, छर्रे. घरीच भरू की!"

दिसायला खरंच एवढंच असतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे दाब. बारा बोअरच्या साध्या काडतुसाला युरोपीय मानकानुसार कमाल ७४० बार दाब चालतो. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो. कारखान्यात प्रत्येक लॉटमधली काही काडतुसं दाब मोजणाऱ्या नळीतून उडवून पाहतात. घरी मोजायला काय आहे? बंदूक, आणि ती धरणारा हात.

इकडच्या माणसाला स्फोटकं अनोळखी नाहीत. विहिरीच्या काळ्या पाषाणात सुरुंग उडवणारे गावोगाव भेटतात, त्यामुळे 'दारूतलं आपल्याला कळतं' हा भरवसाही तयार असतो. पण सुरुंगाला खडक फोडायचा असतो, बंदुकीच्या दारूला नळी न फोडता छर्रे ढकलायचे असतात. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू आणि आजच्या काडतुसातली धूररहित दारू यांचाही स्वभाव वेगळा. धूररहित दारू दाब वाढला की आणखी वेगानं जळते, त्यानं दाब आणखी चढतो. तिला काळ्या दारूचं माप लावलं की नळी फाटते, आणि बहुधा घोड्याच्या जरा पुढे, म्हणजे नेमकी डावा हात असतो तिथं. बोटं जातात, चेहऱ्यावर पोलादाच्या चिपा बसतात.

'कमी भरलं तर धोका नाही' हेही खोटं. अर्धवट जळालेल्या दारूनं दारू आणि छर्ऱ्यांमधलं बुच नळीत अडकतं, बार फुसका वाटतो आणि पुढच्या बाराचे छर्रे त्या बुचावर आदळतात. फटाक्यांची दारू वापरणं तर शुद्ध वेडेपणा. क्लोरेट आणि गंधकाचं मिश्रण नुसत्या घर्षणानं पेटतं, म्हणूनच १९९२ पासून देशात त्यावर बंदी आहे.

दहा बार नीट गेले म्हणून अकरावा नीट जाईल, असंही नाही. पोलाद आतून थकतं. शिवाय जुन्या दुनळ्यांत काडतूस बसायचं घर कित्येकदा ६५ मिलिमीटरचं असतं. त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही. हा धोका विकतच्या काडतुसालाही आहे, मग घरच्याचं काय बोलावं!

कायद्याचं म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काडतुसाचे भाग आणि ती बनवायचं यंत्रही 'दारूगोळा' या व्याख्येतच येतं. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे.

संदुकीत जुनी काडतुसं असतील, पितळेवर हिरवं चढलं असेल, तर ती उन्हात वाळवू नयेत, फोडून छर्रे काढू नयेत. पोलीस ठाण्याला कळवून ती जमा करावीत. आणि चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नये. नळी मोकळ्या रानाकडे धरून किमान मिनिटभर थांबावं. टोपी कधीकधी उशिरा पेटते.