दाताचा आपत्कालीन प्रसंग : दवाखाना गाठेपर्यंतचा अर्धा तास

व्हाइटफील्ड परिसरात दंतवैद्यांची वानवा नाही. तरीही शाळा किंवा कार्यालये सुटण्याच्या वेळी होप फार्मच्या चौकातून दोन किलोमीटर जायला किती वेळ लागेल, हे येथे राहणाऱ्या कोणालाही नेमके सांगता येत नाही. रात्री आणि रविवारी बहुतेक दवाखाने बंद असतात. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांना तर हा प्रसंग नव्या शहरात आणि नव्या भाषेत निभवावा लागतो. दाताला इजा झाल्यानंतरचा पहिला अर्धा तास म्हणूनच बहुधा घरच्यांच्या, शिक्षकांच्या किंवा शेजाऱ्यांच्या हातात असतो. त्या वेळात काय करावे आणि काय टाळावे, याची माहिती या पत्रकात दिली आहे. प्रसंग येण्यापूर्वीच ती घरातील सर्वांनी वाचून ठेवावी.

प्रसंग किती तातडीचा आहे?

काही प्रसंगांत मिनिटे मोलाची असतात : कायमचा दात मुळासकट निखळून पडणे, न थांबणारा रक्तस्राव, आणि श्वासाला किंवा गिळण्याला अडथळा करणारी सूज. दात हलू लागणे, जागेवरून सरकणे, तुटून आतला लाल भाग दिसणे, किंवा चेहऱ्यावर सूज येणे, अशा वेळी त्याच दिवशी उपचार मिळायला हवेत. दाताचा लहानसा टवका उडाला किंवा भरलेले सिमेंट निघाले, पण वेदना नाहीत, तर दोन-तीन दिवसांत दाखवले तरी चालते.

अपघातात डोक्याला मार लागून शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील किंवा जबडा वाकडा दिसत असेल, तर दात शोधण्यात वेळ घालवू नये. प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दात मुळासकट निखळल्यास

दाताचे मूळ जबड्याच्या हाडाला सूक्ष्म तंतूंनी बांधलेले असते. दात निखळला तरी या तंतूंतील पेशी काही काळ मुळावर जिवंत राहतात. दात पुन्हा जागेवर बसला, तर त्याच पेशी त्याला हाडाशी जोडतात. मात्र उघड्या हवेत त्या झपाट्याने वाळतात. कोरडा दात तासाभराहून अधिक काळ राहिला, तर त्या वाचण्याची आशा फार थोडी उरते. म्हणून दात जागेवर बसवण्यासाठी दवाखान्याची वाट पाहू नये. पुढील क्रमाने कृती करावी.

१. दात शोधून पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला बोट लावू नये.

२. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ गार पाण्याच्या बारीक धारेखाली काही क्षण धुवावा. ब्रश, साबण, जंतुनाशक किंवा फडके वापरू नये. मुळावर चिकटलेला तांबूस पदर म्हणजेच ते जिवंत तंतू होत. ते खरवडू नयेत.

३. शेजारच्या दाताकडे पाहून दाताची पुढची बाजू ओळखावी आणि तो हलक्या दाबाने खाचेत बसवावा. त्यावर स्वच्छ रुमालाची घडी ठेवून रुग्णाला ती अलगद चावून धरण्यास सांगावे.

४. दात बसवणे जमत नसेल, तर तो झाकणाच्या लहान डबीत गार, बिनसाखरेच्या दुधात पूर्ण बुडवून ठेवावा. पिशवीतले साधे दूध चालते. दूध नसेल, तर दात रुग्णाच्याच लाळेत ठेवावा.

५. लगेच दवाखान्याकडे निघावे. वाटेत दूरध्वनी करून ‘कायमचा दात निखळला आहे’ असे स्पष्ट सांगावे.

दूधच का, असा प्रश्न पडेल. दुधातील क्षारांचे प्रमाण शरीरातील द्रवाशी बरेच जुळते, त्यामुळे पेशी त्यात तग धरतात. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात. म्हणून दात पाण्यात ठेवून नेऊ नये, तसाच तो कागदात किंवा कापसात गुंडाळूनही नेऊ नये. दूध आणण्यासाठी दुकान गाठावे लागले, तर एवढे लक्षात असू द्यावे : कन्नडमध्ये दुधाला ‘हालु’ आणि दाताला ‘हल्लु’ म्हणतात.

ही कृती कायमच्या दातांसाठीच आहे. दुधाचा दात कधीही पुन्हा बसवू नये. त्याच्या वर वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. पुढचे वरचे दुधाचे दात साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी पडतात. या वयातील मुलाचा दात कोणता, याची शंका असेल, तर तो न बसवता दुधात ठेवून दंतवैद्यांना दाखवावा. रुग्ण पूर्ण शुद्धीवर नसेल, त्याला झटके येत असतील, किंवा हृदयाच्या गंभीर विकारावर अथवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांवर असेल, तरीही घरी दात बसवू नये.

दंतवैद्य असा दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतात. मोठ्या व्यक्तीच्या दाताच्या मुळावर बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आतच उपचार सुरू करावे लागतात. दात घट्ट झाला, असे वाटले तरी पुढच्या भेटी चुकवू नयेत.

दात तुटल्यास

तुटलेला तुकडा पाण्यात किंवा दुधात ठेवून सोबत न्यावा. पुष्कळदा तो पुन्हा चिकटवता येतो. तुकडा सापडत नसेल आणि मुलाला ठसका किंवा धाप लागत असेल, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी थेट रुग्णालयात जावे. ओठ सुजला असल्यास बर्फ कापडात गुंडाळून बाहेरून दहा-दहा मिनिटे लावावा.

असह्य दातदुखी

दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि नसांचा मऊ गाभा असतो. कीड तिथवर पोहोचली, की गाभ्याला सूज येते. सभोवती कठीण भिंत असल्याने त्या सुजेला पसरायला जागा मिळत नाही. आडवे झाल्यावर रक्ताचा दाब तिकडे वाढतो आणि म्हणूनच दातदुखी रात्री अधिक छळते. अशा वेळी उशी उंच करून झोपावे. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात, दातात अडकलेले अन्न धाग्याने हळूच काढावे. मोठ्या व्यक्तीने ५०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉलची एक गोळी घेण्यास सहसा हरकत नसते. दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर असावे. यकृताचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुलांना वजनानुसार मात्रा लागते, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

पुढील गोष्टी टाळाव्यात :

• अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये. तिने हिरडी भाजते, दुखणे मात्र थांबत नाही.

• मिश्री, तपकीर किंवा तंबाखूची चिमूट दाताखाली धरू नये. तिने क्षणभर बधिरता येते. आतली कीड वाढतच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरणारी सवय मात्र जडते.

• लवंगेचे तेल हिरडीवर ओतू नये. वापरायचेच तर कापसाला थेंबभर लावून केवळ किडक्या दातावर टेकवावे.

• सुजेवर बाहेरून गरम शेक देऊ नये आणि सूज टोचून फोडू नये.

• सोबत ताप असेल, तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये. बेंगळुरूत पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण आढळतात, आणि डेंग्यूमध्ये या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदर स्त्रियांनीही या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

• घरात उरलेली प्रतिजैविके घेऊ नयेत. सुजलेल्या गाभ्याचे दुखणे त्यांनी जात नाही. गाभा मृत झाला असेल, तर रक्तप्रवाहच नसल्यामुळे औषध आतवर पोहोचत नाही. दात आतून स्वच्छ करणे किंवा काढणे हाच उपाय असतो.

दुखणे एकाएकी थांबले, म्हणजे दात बरा झाला, असे समजू नये. गाभा मृत झाल्यावरही वेदना थांबते. जंतू मात्र मुळाच्या टोकाकडून हाडात उतरत राहतात. पुढे गंभीर होणाऱ्या सुजेची सुरुवात अनेकदा अशाच ‘बऱ्या झालेल्या’ दातापासून होते.

ही लक्षणे दिसताच १०८ला दूरध्वनी करावा

खालच्या दाढेचा संसर्ग कधीकधी जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरतो. ही सूज कडक असते, जीभ वर उचलली जाते आणि श्वासमार्ग काही तासांतच बंद होऊ शकतो. तोंड उघडता न येणे, लाळ गळणे, थुंकी गिळता न येणे, आवाज घोगरा होणे, गळ्यापर्यंत सूज उतरणे, धाप लागणे, ही त्याची लक्षणे आहेत. वरच्या दाताच्या संसर्गाने डोळा सुजून मिटत असेल, तर तोही तितकाच गंभीर इशारा होय. मधुमेही व्यक्तींमध्ये असा संसर्ग वेगाने पसरू शकतो. या रुग्णाला दातांच्या दवाखान्यात न नेता चोवीस तास तातडीची सेवा असणाऱ्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. त्याला आडवे न करता बसवून न्यावे.

आणखी एक खबरदारी घ्यावी. खालचा जबडा दुखत असताना छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयविकाराच्या झटक्याचे लक्षण असू शकते. तेव्हाही १०८लाच दूरध्वनी करावा.

दात काढल्यानंतर रक्त थांबत नसल्यास

स्वच्छ गॉजची घट्ट घडी खाचेवर ठेवून ती सलग अर्धा तास दाबून चावावी. मध्येच काढून पाहू नये. वारंवार थुंकल्याने आणि चुळा भरल्याने रक्ताची गुठळी निघून जाते, म्हणून पहिले चोवीस तास दोन्ही टाळावे. धूम्रपान करू नये. दुसऱ्यांदा अर्धा तास दाबूनही रक्त वाहत असेल, किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर रुग्णालयात जावे. ती गोळी स्वतःच्या निर्णयाने बंद करू नये.

उपचार कोठे मिळतील?

दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शिकाऊ दंतवैद्य अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली तपासतात आणि खर्चही सहसा कमी येतो. व्हाइटफील्डमध्येच वैदेही दंतविज्ञान संस्था आहे. शहरात फोर्ट भागात व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे जाण्यासाठी व्हाइटफील्डहून मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने मॅजेस्टिकला उतरून हिरव्या मार्गाने कृष्णराजेंद्र मार्केट स्थानक गाठता येते. गर्दीच्या वेळी रस्त्यापेक्षा हा प्रवास भरवशाचा ठरतो. निघण्यापूर्वी बाह्यरुग्ण विभागाची वेळ विचारून घ्यावी. घराजवळच्या दोन दंतवैद्यांचे क्रमांक आणि रविवारी कोण उपलब्ध असते, ही माहिती आजच लिहून शीतकपाटावर लावावी.

प्रसंग येऊच नये म्हणून

दाताची बहुतेक दुखणी एका रात्रीत उद्भवत नाहीत. ती महिनोन्‌महिने वाढत असतात.

• सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे असते. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

• बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. गोड चहा, बिस्किटे आणि शीतपेये दिवसभर थोडी थोडी घेत राहिल्याने दात अधिक किडतात.

• सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या आधी कोणतीही दाढ पडत नसल्याने पालक तिला दुधाची समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. ती दाढ पुन्हा येत नाही.

• दुचाकीवर सर्वांनी, मुलांनीसुद्धा, हेल्मेट घालावे. स्केटिंग, हॉकी, मुष्टियुद्ध अशा खेळांत दातांचे संरक्षक कवच वापरावे. दाताने बाटलीचे झाकण उघडू नये.

• तंबाखू, गुटखा आणि मिश्री सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते.

• वर्षातून किमान एकदा, दुखत नसतानाही, दात तपासून घ्यावेत. लहान कीड एका भेटीत भरता येते.

हे पत्रक मुलांच्या शाळेत, संकुलाच्या सुरक्षारक्षकांना आणि घरी मुलांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही वाचून दाखवावे. मूल खेळताना पडते, तेव्हा आई-वडील बहुधा कामावर असतात. दात दुधाच्या डबीत ठेवायचा, हे त्या क्षणी जवळ असलेल्या माणसाला ठाऊक असायला हवे.