चट्ट्यापासून अहवालापर्यंत

“काका, आ करा. अजून थोडं.” बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापुरात तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीत सिस्टर टॉर्चचा झोत टाकतात आणि लाकडी पट्टीने गाल बाजूला सारतात. तिशी ओलांडलेल्यांचे अर्ज आशाताईंनी घरोघरी फिरून आधीच भरलेले असतात. गालाचं अस्तर, जिभेखालची जागा, हिरड्या, असा क्रम. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांतही न भरलेली जखम दिसली की नाव वहीत चढतं. मग स्वतःचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगतात. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचं तोंड अनेकदा आखडलेलं असतं. बोटं शिरत नाहीत.

हे काही मिनिटांचं काम. दिवस जातात ते पुढे. चट्टा कॅन्सरचा आहे का, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. जागा बधिर करून छोटा तुकडा काढायचा, लगेच फॉर्मालिनमध्ये बुडवायचा. प्रयोगशाळेत तो मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात, रंगवतात. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करतात.

फॉर्मालिनमधला तुकडा बंद डबीतून लांबवर जाऊ शकतो. तरी आपल्याकडे फिरतो तो माणूसच: चिखली, बुलढाणा, अकोला, कधी थेट नागपूर. त्यात सोयाबीनची सोंगणी आली की तारीख पुढे जाते आणि चट्टा वाढत राहतो.

तपासणी गावाजवळ नेली की काय होतं, हे महाराष्ट्राने दाखवलं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. चाचणीत दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढची तपासणी आणि उपचार यांचीही सोय तिथे होती, हे विसरू नये.

केंद्राने 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं जाहीर केली. केमोथेरपीसाठी ती हवीतच. पण केमोचा नंबर अहवालानंतर लागतो. म्हणून ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तुकडा काढण्याची सोय, नमुना नेणारी गाडी आणि अहवालाचा पाठपुरावा करणारा एक जबाबदार माणूस, एवढं आधी उभं करा. इमारतीची कोनशिला त्यानंतर बसवली तरी चालेल.